ज्याची चावी त्याच्याकडे नाही

आमच्या त्या साहेबांचा डबा मी बरेच दिवस खाल्ला. हौसेनं नाही, हुकमावरून. साहेबांना रक्तदाब होता. त्यामुळे डब्यात बिनमिठाचा दुधी, बिनफोडणीची डाळ आणि कागदासारख्या दोन पोळ्या. समोर बसून साहेब माझा डबा खायचे: ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि माझ्या बायकोची शेंगदाण्याची चटणी. ती चटणी खात ते बोटं चाटायचे आणि म्हणायचे, "तुमच्या घरी काय शिजतं ते आता मला ठाव हाय. माझ्या घरी काय शिजतं ते तुमाला. आता आपल्यात कारभार हुईल."

मी ग्रामसेवक. हल्ली आम्हाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पदाचं नाव मोठं झालं, मोटारसायकल तीच आहे. हे साहेब आमच्या पंचायत समितीचे गटविकास अधिकारी, म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींचे, त्यांच्या भांडणांचे आणि आमच्या रजांचे मालक. दर सोमवारी बैठक असायची. पहिल्याच सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फर्मान काढलं, "सगळे डबे टेबलावर ठेवा. आपला कुणी उघडायचा न्हाई, शेजाऱ्याचा उचला. खात्याखात्यांत समन्वय, समन्वय म्हणतात तो इथून सुरू." समन्वय हा शब्द मी नोकरीभर परिपत्रकांत वाचत आलो होतो. त्याला दुधीची चव असते हे त्या दिवशी कळलं.

साहेबांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे. "माणसाच्या गरजेची वस्तू दुसऱ्याच्या हातात ठेवा, मंग बगा कसा गोड बोलतो." हे वाक्य त्यांनी भिंतीवर लावलं असतं तर आम्ही सहन केलं असतं. त्यांनी ते अमलात आणलं. आस्थापना विभागाच्या कपाटाची किल्ली लेखा विभागाकडे गेली, लेखा विभागाची आस्थापनेकडे. कार्यालयाचा गोल शिक्का एका टेबलावर, शाईचं पॅड दुसऱ्या टेबलावर. एक साधा दाखला हवा तर दोन माणसं एकाच वेळी जागेवर सापडायला हवीत, आणि आमच्या कार्यालयात तो योग ग्रहणासारखा यायचा. त्या दोन टेबलांवरचे दोघं एका बढतीवरून एकमेकांशी बोलत नव्हते. नाइलाजानं बोलायला लागले. पहिले काही दिवस फक्त "पॅड" आणि "शिक्का" एवढंच बोलायचे. पण बोलायचे.

स्वतःच्या खुर्चीत साहेब बसत नसत. ज्याच्याशी काम, त्याच्या खुर्चीत बसत आणि त्याला आपल्या खुर्चीत पाठवत. एकदा मीही गटविकास अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलो. पंख्याखाली, काचेच्या टेबलामागे. तेवढ्यात एक सरपंच आले आणि नमस्कार करून मला अर्ज दाखवायला लागले. मी तो गंभीरपणे वाचला आणि म्हणालो, "बघतो." खरं सांगतो, त्या एका शब्दात फार सुख आहे.

बैठकीचा नियम याहून भयंकर होता. स्वतःच्या खात्याचं गाऱ्हाणं सांगायला बंदी. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यानं बांधकामवाल्यांची अडचण मांडायची आणि बांधकामवाल्यानं पाणीपुरवठ्याची. पहिल्या बैठकीत बांधकामवाले उठले आणि म्हणाले, "पाणीपुरवठ्याची अडचण अशी हाय की त्यांना कामच करायचं न्हाई." हशा झाला. साहेब हसले नाहीत. "बरोबर मांडलं न्हाई. उद्या त्यांच्यासंगं पाइपलाइनवर फिरून या, मंग पुन्ना मांडा." गृहस्थ खरोखर फिरून आले. पुढच्या सोमवारी त्यांनी दुसऱ्याची अडचण एवढ्या पोटतिडकीनं मांडली की पाणीपुरवठ्याचा अभियंता डोळे पुसायला लागला. पण ती बैठक दिवे लागेपर्यंत चालली आणि सोनपेठकडून येणारी माझी एसटी निघून गेली, हेही नोंदवून ठेवतो.

तुम्हाला वाटेल, हे कार्यालयापुरतं असेल. छे! साहेब मूळचे चुडाव्याचे. सुट्टीला परभणीहून रेल्वेनं गावी जायचे. डब्यात बसले की स्वतःचं तिकीट शेजारच्या प्रवाशाच्या हातात द्यायचे. "जरा ठेवा तुमच्याजवळ." माणूस गोंधळायचा, पण ठेवायचा आणि मग गप्पा व्हायच्या. एकदा असाच एक भला माणूस साहेबांचं तिकीट खिशात घालून पिंगळीला उतरून गेला. पूर्णेला तपासनीस आला. साहेबांनी निमूट दंड भरला आणि सोमवारी आम्हाला सांगितलं, "पद्धत बरोबर व्हती. मानूस निवडण्यात गफलत झाली."

आता त्या चावीचं सांगतो. कारण साहेब म्हटलं की मला तीच आठवते आणि अजून डोकं दुखतं.

माझ्याकडे दोन गावांचा कारभार होता. नावं सांगत नाही, कारण दोन्हीकडे मला अजून चहा मिळतो. एक गोदावरीकाठचं, बागायतदारांचं. दुसरं माळावरचं, कोरडवाहू. दसरा झाला की निम्मा माळ ऊस तोडायला जातो. दोन्ही गावांना मिळून एकच पाणीयोजना. टाकी माळावर, टाकीतून दोन पाइप निघतात, एक नदीच्या गावाला, एक माळाच्या. प्रत्येक पाइपावर एक वॉल्व्ह, खोल खड्ड्यात. तो उघडायला कमरेएवढी उंच, वर आडवा दांडा असलेली लोखंडी चावी लागते. एक वॉल्व्ह जुन्या योजनेतला, दुसरा नवा, म्हणून एकाची चावी दुसऱ्याला बसत नव्हती.

तेव्हा ज्याची चावी त्याच्याकडे असायची. जे गाव आधी टाकीवर पोचेल ते आपला वॉल्व्ह खोलून टाकी रिकामी करायचं. मग दुसरं गाव पहिल्याला तक्रारीचं पत्र द्यायचं. दोन्ही गावांचा ग्रामसेवक मी, त्यामुळे नदीच्या गावाचं पत्र मीच लिहायचो, मीच माळावर न्यायचो, मीच त्याची पोच द्यायचो आणि मग माळाच्या वतीनं मीच मला सडेतोड उत्तर द्यायचो. एकदा ते उत्तर एवढं झोंबलं की घरी जाऊन मी जेवलोच नाही.

साहेबांनी दोन्ही गावांची एकत्र ग्रामसभा लावली आणि चाव्यांची अदलाबदल केली. माळाची चावी नदीच्या गावच्या सरपंचाकडे. त्यांना सगळे आबा म्हणायचे. आणि नदीच्या गावाची चावी माळावरच्या गयाबाईकडे. गयाबाई बचत गटाची अध्यक्ष. उभ्या गावात तिचा शब्द आणि तिचा आवाज, दोन्ही वजनदार. चावी तिच्या हातात देताना साहेबांनी भर सभेत सांगितलं, "बाई, ही चावी कुनाच्याबी हातात द्यायची न्हाई. आबा आले तरी न्हाई. ह्या ग्रामसेवकाला तर बिलकुल न्हाई. मी स्वतः आलो तरी न्हाई."

गयाबाई म्हणाली, "बरं."

त्या "बरं"मध्ये काय होतं, ते मला तिथंच ओळखायला हवं होतं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. आबा एक दिवसाआड कुरकुरत फटफटीवरून माळावर यायचे, माळाचा वॉल्व्ह उघडायचे, गयाबाईच्या सासूकडे चहा घ्यायचे. गयाबाई नदीचा वॉल्व्ह वेळेवर उघडायची, वेळेवर बंद करायची. माझा पत्रव्यवहार थांबला. मी स्वतःशी चांगला वागायला लागलो.

मग दसरा झाला. त्या वर्षी कारखाने उशिरा पेटले, म्हणून मुकादमाचा ट्रक तुळशीच्या लग्नानंतर आला आणि माळावरच्या टोळ्या गेल्या. दोन दिवसांनी आबांचा फोन. नळाला टिपूस नाही, आणि रविवारी घरात मुलीचं लग्न. मी टाकीवर पळालो. नदीचा वॉल्व्ह बंद. मी गयाबाईला फोन लावला.

"गयाबाई, चावी कुठं हाय?"

"माझ्याजवळ हाय की."

"आन तुमी कुठं हाव?"

"फडात. सोलापूरकडं."

"अवो, जाताना कुनाजवळ तरी देऊन जायचं न्हाई का?"

"साहेब काय म्हनले व्हते? तुमी तितंच हुबे व्हते न्हवं? वॉल्व नीट बंद करून आले मी. थेंब गळायचा न्हाई." आणि कोयत्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

आबांनी हे ऐकलं आणि माळाच्या वॉल्व्हची चावी आपल्या पलंगाखाली सरकवली. "माझ्या पोरीचं लगीन, आन मला पानी न्हाई. मंग माळाला कामून द्यायचं? बाई त्यांची, त्यांनी आनावी."

"आबा, माळावर आता म्हातारेच राहिलेत. टाकीत पाणी आहे आणि म्हाताऱ्या हंडे घेऊन शेतातल्या विहिरीवर चालल्यात."

"माझ्या मांडवात टँकर यायलाय, ते बगा तुमी. गावात त्वांड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई. रविवारपातूर चावी आली न्हाई तर मी खड्डा फोडतो, आन आमाला वायली, फकस्त आमच्या गावाची योजना पायजे असा ठराव घेतो. लिहा तुमी पत्र."

पत्र! मी मोटारसायकल काढली. साहेबांकडे गेलो. "साहेब, तालुक्याला वेल्डर हाय. अर्ध्या तासात दुसरी चावी करून देतो. नदीलाबी पाणी, माळालाबी पाणी, संपला विषय."

साहेब लेखा विभागातल्या कुणाच्या तरी खुर्चीत बसले होते. म्हणाले, "दुसरी चावी झाली की परत ज्याची त्याच्याकडं. टाकी एक आन भांडणं दोन. मंग लिहा तुमी जन्मभर स्वतःला पत्रं." आणि उठले. "चला. जीप काढा. आबांनाबी बोलवा."

"आबांना कशाला?"

"चालवायला. ड्रायव्हर रजेवर हाय."

शासकीय जीप, जिल्ह्याबाहेर, आणि स्टिअरिंगवर नदीच्या गावचा सरपंच! परवानगी साहेबांनी फोनवर मिळवली. काय सांगून मिळवली ते विचारायची माझी छाती झाली नाही. शनिवारी पहाटे निघालो. वाटेत साहेबांनी आपला नियम काढला. "आबा, माळाची अडचण मांडा."

"मी कामून मांडू? मी त्यांचा शत्रू हाव."

"म्हणून तर."

आबा बराच वेळ स्टिअरिंगवर राग काढत राहिले. मग नाटकी आवाजात सुरू झाले, "मी माळाचा. मला शेत हाय, पन पानी न्हाई. दसऱ्याला मी घराला कुलूप घालतो. म्हातारीला घरी सोडतो..." आणि तिथं थांबले. त्या म्हातारीचा चहा ते एक दिवसाआड पीत होते ना.

दुपारी फडावर पोचलो. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, ओळीनं उभ्या होत्या. गयाबाईच्या कोपीत वाकून पाहिलं आणि मी कपाळाला हात लावला. दोन मेढींच्या बेचक्यांवर आमची चावी आडवी टाकलेली होती, आणि तिला लुगड्याची झोळी बांधून आत गयाबाईचं नातवंड झोपलेलं होतं. नदीकाठचं अख्खं लग्न आणि माळावरचे सगळे म्हातारे त्या झोळीला लटकले होते.

मी पुढं झालो. साहेबांनी मला मागं ओढलं. "लेकरू झोपलंय. उठू द्या."

आम्ही बाहेर पाचटावर बसलो. एक शासकीय अधिकारी, एक सरपंच, एक ग्रामसेवक, बाळाच्या जागं होण्याची वाट बघत. आबा दर थोड्या वेळानं आत डोकावायचे आणि बोटांच्या टोकांवर परत यायचे. गयाबाई फडातून कोयता घेऊन आली. आम्हाला बघून अजिबात दचकली नाही.

"आबा! तुमी इतं? लगीन न्हाई का उद्या?"

"त्यासाठीच आलो, बाई. चावी दे."

"न्हाई. हातात द्यायची न्हाई."

साहेब हसले. "गयाबाई, आता द्या. मी सांगतो."

"तुमीच म्हनले व्हते, मी आलो तरी न्हाई."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. तेवढ्या एका क्षणासाठी सोलापूरपर्यंतचा प्रवास वसूल झाला, असं मी मनात म्हणालो. चेहऱ्यावर अर्थातच दुःख ठेवलं होतं.

मग गयाबाईनं आबांकडे मान वळवली. "आन माळाला पानी येतंय न्हवं? चावी तुमच्याकडं हाय."

मला राहवलं नाही. "बंद केलंय त्यांनी."

"बंद?" तिचा वजनदार आवाज आता अख्ख्या फडानं ऐकला. चार कोप्यांतून माणसं बाहेर आली. "माझी सासू तितं कोरडी ऱ्हायली, आन तुमी इतं चावी न्यायला आलाव? लाज हाय का न्हाई, आबा? तिच्या हातचा चहा पेताव!"

आबांनी फोन काढला आणि मुलाला सांगितलं, पलंगाखालची चावी घेऊन माळावर जा, आत्ताच. गयाबाईनं सासूला फोन लावला आणि स्पीकर चालू करून पालथ्या घमेल्यावर ठेवला. "आत्याबाई, नळापाशी बसा. पानी आलं की सांगा."

"बसलेच हाव की," पलीकडून म्हातारी म्हणाली.

आम्ही सगळे त्या फोनभोवती बसलो. खूप वेळ नुसती हवा ऐकू येत होती. मग घुर्र झालं, खाकरल्यासारखा आवाज झाला आणि रिकाम्या हंड्यात पाण्याची धार पडली. त्या आवाजानं बाळ जागं झालं आणि रडायला लागलं.

गयाबाईनं बाळ उचललं, झोळी सोडली, चावी खांद्यावर घेतली आणि स्वतः जीपपर्यंत जाऊन मागच्या सीटवर आडवी ठेवली. "मी कुनाच्या हातात दिली न्हाई. गाडीत ठेवली. आता सासूच्या हातात जाऊ द्या. ती उघडंल."

प्रश्न उरला झोळीचा. साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं, जीपच्या मागून चाक खोलायची लांब टॉमी काढली आणि मेढींवर आडवी टाकली. चपखल बसली. मी म्हणालो, "साहेब, वाट लांब हाय. पंक्चर झालं तर?"

"तर मागू कुनाला तरी."

पंक्चर झालं. बार्शीच्या अलीकडे, भर रस्त्यात. आबा आणि मी उसाच्या ट्रॅक्टरांना हात करत उभे राहिलो आणि साहेब शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर बसून खुशीत गुणगुणत होते. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं टॉमी दिली आणि बदल्यात आम्हाला त्याच्या नव्या नवरीबद्दलचं सगळं ऐकून घ्यावं लागलं. साहेबांना ते फारच आवडलं.

रविवारी सकाळी म्हातारीनं नदीचा वॉल्व्ह उघडला. आबांनी तिला लग्नाला बोलावलं आणि पहिल्या पंगतीत, वरमायेच्या शेजारी बसवलं. वायल्या योजनेचा ठराव कुणी मांडलाच नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला गयाबाई परत आली. टॉमी घेऊन थेट कार्यालयात. "साहेब, ही कुनाच्या हातात द्यायची?"

"कुनाच्याच न्हाई," साहेब म्हणाले. "आता जीपची टॉमी माळावर ऱ्हाईल."

हा हुकूम निघाला आणि तो रद्द करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. साहेब निवृत्त होऊन चुडाव्याला गेले. नव्या टॉमीसाठी कोटेशनं मागवावी लागतात, ती कुणी मागवली नाहीत. डबे परत ज्याचे त्याच्याकडे आले. मी आता माझ्या बायकोची चटणी स्वतः खातो, आणि मला काहीही चुकल्यासारखं वाटत नाही.

गेल्या महिन्यात नवे साहेब दौऱ्यावर निघाले होते. कडक इस्त्रीचे, मोबाइलवर तालुक्याच्या सगळ्या नळांना हिरवा ठिपका दाखवणारे. मी सोबत होतो. माळाच्या फाट्यावर जीपचं चाक बसलं. ड्रायव्हरनं सांगितलं, टॉमी वर गावात आहे.

"शासकीय जीपची टॉमी गावात?"

"पद्धत आहे, साहेब," मी म्हणालो, शक्य तितक्या गंभीरपणे.

उन्हात चढ चढून आम्ही म्हातारीच्या अंगणात पोचलो. गयाबाई शेतात होती. टॉमी दाराआड उभी होती. म्हातारीनं नव्या साहेबांना खालून वर पाहिलं. "देते. आदी नळ उघडा."

साहेबांनी नळ उघडला. हवासुद्धा आली नाही.

"पान्याची मोटार जळून पंदरा दिस झाले. अर्ज तुमच्याकडंच हाय म्हनतेत." तिनं चुलीवर आधण ठेवलं. "चहा घ्या. मोटारवाला येस्तोवर बसा."

साहेबांनी मोबाइलवर हिरवा ठिपका पाहिला, कोरडा नळ पाहिला आणि फोन लावला. मोटारवाला येईपर्यंत आम्ही तिथंच बसलो. चहात दूध नव्हतं. नळाला धार लागली तेव्हा म्हातारीनं टॉमी उचलून साहेबांच्या पायाशी जमिनीवर ठेवली. हातात दिली नाही.

घरी येऊन मी जुन्या साहेबांना फोन केला आणि सगळं रंगवून सांगितलं. ते खो खो हसले. मग एकदम थांबले.

"टॉमी आता कुठं हाय?"

"जीपमध्ये."

"कामून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टॉमी मोटारसायकलला आडवी बांधून, शिव्या देत, मी माळावर नेऊन दिली.